मुरलेलं रक्त आणि पोराची मच्छरदाणी

पत्र : मॅडम, नमस्कार. आम्ही सोलापुरात विजापूर रोडला राहतो. मिस्टर राज्य राखीव पोलीस दलात आहेत. दोन वर्षांपूर्वी गडचिरोलीच्या बंदोबस्तावरून आले आणि आठवड्याभरात असा ताप भरला की चार दिवस आयसीयूत होते. फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जास्त घातक प्रकार, निघाला. ते सांगतात, तिथल्या गावातली माणसं तोच मलेरिया अंगात घेऊन शेतात धान कापतात, त्यांना काही होत नाही. आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला मागच्या ऑगस्टमध्ये व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, झाला. चौदा दिवसांच्या गोळ्या होत्या, पण पाचव्या दिवशी पोरगं खेळायला लागलं म्हणून मी थांबवल्या. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास पुन्हा ताप, पुन्हा व्हायवॅक्स, पण या वेळी ताप हलका होता. मामा (माझे सासरे, वय ६१) म्हणतात, "बघ, मुरायला लागलं. आमाला लहानपणी सा-सात येळा हिवताप आला, आता कितीबी डास चावू दे. पोराला मच्छरदाणीत कोंडू नको, वयाबरोबर आपोआप ताकद येती." मामांचं सगळंच चूक आहे असंही वाटत नाही, म्हणून विचारते. वयाबरोबर खरंच ताकद येते का? आणि येत असेल, तर मच्छरदाणी लावून मी पोराचं नुकसान करते का?

उत्तर : ताई, मच्छरदाणी लावा. आज रात्रीच लावा. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं उत्तर लांब आहे आणि त्यात अधूनमधून मामा बरोबर ठरणार आहेत. तेवढंच वाचून कुणी मच्छरदाणी गुंडाळून माळ्यावर टाकायला नको.

मामांचा "मुरणे" हा शब्द मला आवडला. गोवर एकदा झाला की शरीर त्याला जन्मभर दारात उभं करत नाही. मलेरियाचं तसं नाही. तो वारंवार होतो, आणि प्रत्येक वेळी शरीर थोडं थोडं शिकतं. लोणच्यासारखंच, एका दिवसात मुरत नाही. रॉबर्ट कॉख हे जर्मन शास्त्रज्ञ १९०० च्या सुमारास जावा आणि न्यू गिनीत फिरले. जिथे मलेरिया बारमाही होता तिथे लहान मुलांच्या रक्तात जंतू भरपूर सापडत, मोठ्या माणसांच्या रक्तात क्वचित. तुमच्या मिस्टरांनी गडचिरोलीत पाहिलं ते हेच. जंतू अंगात असतात, माणूस कामावर असतो.

आता "ताकद" म्हणजे काय, ते नीट बघू, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. बारमाही मलेरियाच्या भागात आधी येतं ते जिवावर बेतणाऱ्या आजारापासूनचं संरक्षण, आणि ते तुलनेने लवकर येतं. मग काही वर्षांनी ताप येणं कमी होतं. रक्तातले जंतू आटोक्यात राहायला आणखी वर्षं लागतात. आणि डास चावला तरी जंतू शिरूच शकला नाही, अशी पक्की अवस्था जवळजवळ कुणालाच येत नाही. म्हणजे मुरलेला माणूस मलेरियापासून सुटलेला नसतो, त्याच्याशी जुळवून राहत असतो.

हे शिकतं कोण? इथे टी पेशींची गोष्ट येते. या पांढऱ्या पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. लहानपणी ही ग्रंथी चांगली मोठी असते, वयात आल्यावर आकसत जाते. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या जवळजवळ सगळ्या टी पेशी कोऱ्या असतात, म्हणजे अजून कुठल्या जंतूशी गाठ न पडलेल्या. सर्दी, जुलाब, लसी, मातीत खेळणं, असं सगळं होता होता त्यातल्या काही पेशी अनुभवी होतात आणि स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. प्रौढ माणसाच्या रक्तात निम्म्याच्या आसपास टी पेशी अशा अनुभवी असतात. कोरी पेशी जागी होऊन कामाला लागायला बरेच दिवस घेते. स्मृतिपेशी त्याहून लवकर उठते आणि तिला फार समजवावं लागत नाही.

मलेरियाच्या जंतूपुढे मात्र या पेशींची अडचण वेगळीच असते. डास चावला की जंतू आधी यकृतात जातो. यकृतातली पेशी आत शिरलेल्या जंतूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते, आणि ते ओळखून मारेकरी टी पेशी त्या पेशीसकट जंतू संपवू शकतात. पण त्यासाठी हाताशी आठवडाभरच असतो, आणि तेवढ्यात एकेका पेशीतून हजारो जंतू बाहेर पडून रक्तात उतरतात. रक्तातल्या तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, आणि असे तुकडे मांडून दाखवायची सोयही नसते. जंतू तिथे शिरला की मारेकरी पेशींना तो दिसतच नाही. तिथून पुढचं काम मदतनीस टी पेशींचं. त्या बी पेशींना चांगल्या अँटिबॉडी बनवायला लावतात आणि पानथरीतल्या (पानथरी म्हणजे प्लीहा, रक्ताची गाळणी) जंतू गिळणाऱ्या पेशींना चेतवतात. मी शिकत असताना वॉर्डात एखादं वारंवार हिवतापलेलं पोर यायचं. डाव्या बरगडीखाली बोटं रोवून "श्वास घे बाळा" म्हटलं की पानथरी खाली सरकून बोटांना टेकायची, कडक, कैरीसारखी. टी पेशींची ही सगळी शाळा त्या पानथरीत भरलेली असायची. जुने डॉक्टर गावात मलेरिया किती आहे ते पोरांच्या पानथऱ्या चाचपून ठरवत.

अँटिबॉडी किती कामाच्या असतात हे १९६१ मध्ये गॅम्बियात दिसलं. मुरलेल्या मोठ्या माणसांच्या रक्तातला अँटिबॉडीचा अंश काढून मलेरियाने आजारी मुलांना टोचला, आणि मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने कमी झाले. मोठ्यांच्या रक्तात खरोखरच काहीतरी असतं, ते असं बाटलीत भरून दाखवता आलं. मामांनी हे वाक्य मोठ्याने वाचायला हरकत नाही.

मग एवढी वर्षं का लागतात? आपण सोलापूरकर आहोत, तर जॅकार्ड मागावरून सांगते. चादरीवरचा मोर बदलून कमळ आणायचं तर माग तोच राहतो, छिद्रं पाडलेली कार्डं बदलतात. फॅल्सिपेरमकडे अशी साठेक कार्डं असतात, एका वेळी एकच लावतो. त्या कार्डानुसार बनलेलं प्रथिन तो तांबड्या पेशीच्या अंगावर उगवतो आणि त्याच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसतो, म्हणजे पानथरीच्या गाळणीत जायलाच नको. शरीराने एक नमुना ओळखून अँटिबॉडी तयार केल्या की काही जंतू कार्ड बदलून पुढे निघालेले असतात. शिवाय शेजारच्या गावातल्या जंतूच्या कार्डांचा गठ्ठाच निराळा. इतके सगळे नमुने पाहून होईपर्यंत पोर शाळेची निम्मी वर्षं ओलांडतं.

इथपर्यंतचं ऐकून वाटतं की जितक्या वेळा ताप, तितकी ताकद, आणि वय हा नुसता हिशेब. बरीच वर्षं शास्त्रज्ञही तसंच समजत होते. मग इंडोनेशियातून एक वेगळीच गोष्ट पुढे आली. तिथल्या सरकारने जावा बेटावरची कुटुंबं पापुआत नेऊन वसवली. जावात मलेरिया तुरळक, पापुआत ठासून भरलेला. आजोबा, बाप, पोर एकाच दिवशी बोटीतून उतरले, डास सगळ्यांना सारखेच चावले. हिशेब सगळ्यांचा शून्यापासून सुरू. केविन बेयर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लिहिलं की दोनेक वर्षांत मोठ्या माणसांना बऱ्यापैकी संरक्षण आलं, मुलांना आलं नाही. तेवढेच ताप काढून मोठे पुढे गेले, मुलं मागेच राहिली. म्हणजे वयाचा स्वतःचा असा हात आहे, मामा इथे पुन्हा जिंकले.

यामागचं कारण म्हणून ज्याचा विचार होतो ती वर सांगितलेली टी पेशींची शिल्लक. मोठ्या माणसाकडे दुसऱ्या कुठल्या तरी जंतूवर तयार झालेल्या स्मृतिपेशी असतात. त्यातल्या काहींना मलेरियाच्या जंतूचा एखादा तुकडा ओळखीचा वाटतो. आपल्याकडे पूर्व भागात जुन्या विणकराला नवा माग दिला तर तो आठवड्यात हात बसवतो, कारण दुसऱ्या दहा मागांवर हात बसलेला असतो. नव्या पोराला आधी धागा कसा गाठवायचा तेच शिकावं लागतं. हा तर्क अजून तपासला जातोय, पण मुलांच्या आणि मोठ्यांच्या टी पेशींतला फरक खरा आहे.

पण ताई, त्याच गोष्टीचा दुसरा भाग तुमच्या घरात घडला आहे. नव्या जागी पहिल्या काही महिन्यांत जास्त गंभीर आजारी पडण्याचा धोका मोठ्यांनाच होता. मलेरिया नसलेल्या देशांतून गेलेल्या प्रवाशांतही वय वाढतं तसा फॅल्सिपेरमने मृत्यूचा धोका वाढतो. अनुभवी फौज जोरात तुटून पडते, आणि त्या मारामारीत जंतूइतकंच घराचंही नुकसान होतं. मुरण्याचा निम्मा भाग म्हणजे हात आवरायला शिकणं. युगांडात सतत मलेरिया होणाऱ्या मुलांच्या रक्तात अशा टी पेशी सापडल्या की त्या एकीकडे जंतूविरुद्ध चेतवणारं रसायन सोडतात आणि त्याच वेळी आग विझवणारंही. गडचिरोलीतल्या शेतकऱ्याच्या पेशी ते लहानपणापासून शिकल्या. तुमच्या मिस्टरांच्या पेशींनी फॅल्सिपेरम पहिल्यांदा पाहिला तो थेट तिथल्या जंगलात, जवानाच्या ताकदीनिशी. धडधाकट माणूस आडवा कसा झाला याचं नवल करू नका.

त्या एका तापाने त्यांना कवच आलं असंही धरू नका. पुढची बदली लागली तर निघण्याआधी दलाच्या डॉक्टरांना प्रतिबंधक गोळ्यांचं विचारायचं, औषध लावलेली मच्छरदाणी बॅगेत सगळ्यात वर ठेवायची, आणि परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या पहिलं वाक्य "गडचिरोलीहून आलोय" हेच असू द्या.

आता मामा. त्यांचं वय ६१, म्हणजे १९७६ मध्ये अकरा-बारा वर्षांचे. तो काळ मला माहीत आहे. १९६५ च्या सुमारास देशभरात वर्षाला लाखभर रुग्णांपर्यंत खाली आलेला मलेरिया १९७६ मध्ये चौसष्ट लाखांवर उसळला होता. भिंतींवर फवारणीच्या तारखा लिहिलेल्या असायच्या आणि घरोघरी क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या. मामांचे सहा-सात ताप त्याच लाटेतले असणार, यात खोटं काही नाही. पण सहा-सात ताप म्हणजे मुरणं नव्हे. ज्या भागात लोक खरोखर मुरतात तिथे मूल एका पावसाळ्यातच दोन-तीनदा तापतं, तेही वर्षानुवर्षं. आपल्याकडे तेवढा मलेरिया तेव्हाही नव्हता, आणि आता तर तुरळकच आहे.

शिवाय हे संरक्षण सरावावर टिकतं. जंतू भेटायचा थांबला की अँटिबॉडी उतरायला लागतात. स्मृतिपेशी त्यापेक्षा पुष्कळ टिकतात, अगदी दशकंही. मादागास्करच्या डोंगराळ भागात १९६० च्या सुमारास मलेरिया जवळजवळ संपला होता, तो १९८६-८७ च्या सुमारास साथीने परत आला. तेव्हा ज्यांचं बालपण जुन्या मलेरियात गेलं होतं त्यांना तरुणांच्या मानाने कमी भोगावं लागलं. तेव्हा मामांच्या पानथरीत एखादी म्हातारी टी पेशी अजून तो हिवताप आठवत बसलेली असेलही. पण ती जागी होऊन कामाला लागेपर्यंत ताप चढलेला असतो, आणि एकसष्टीच्या माणसाने थंडी वाजून येणारा ताप "आमाला काय होतंय" म्हणून अंगावर काढणं धोक्याचं आहे. मच्छरदाणी त्यांनीही लावायची.

मुलाकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात खटकलं ते पाचव्या दिवशी थांबवलेल्या गोळ्यांचं, आणि तुम्ही ते सहज लिहून गेलात. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. पहिल्या तीन दिवसांची क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते, ताप जातो, पोरगं खेळायला लागतं. झोपलेल्यांसाठी चौदा दिवसांची प्रायमाक्विन असते. ती अर्धवट सुटली की ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतात. जानेवारीतला ताप नव्या डासाचा नसून ऑगस्टमधलाच असण्याची शक्यता मोठी आहे. तो हलका आला, कारण शरीराला थोडी ओळख राहिली होती, एवढं मामांना देऊ. पण हलका तापही पोराच्या तांबड्या पेशी फोडून जातो. दर वेळी रक्त थोडं कमी होतं, भूक जाते, शाळा बुडते. आणि तेवढ्या दिवसांत त्याला चावलेला डास शेजारच्या घरात जंतू घेऊन जातो.

तेव्हा दुसऱ्या वेळच्या गोळ्या तरी पूर्ण झाल्या का ते सांगा. झाल्या नसतील तर डॉक्टरांकडे जा, आधी जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची; ते कमी असेल तर प्रायमाक्विनने त्या पेशी फुटतात) तपासणी झाली आहे का विचारा, आणि वजनाप्रमाणे नव्याने डोस ठरवून घ्या. गोळी जेवणानंतर, उपाशी पोटी नाही. गोळ्या चालू असताना लघवी काळपट लाल झाली किंवा पोर पिवळं पडलं तर गोळी थांबवून तडक दवाखाना. नाहीतर कॅलेंडरवर चौदा चौकोन आखा, रोज एक खोडायचा, आणि खोडायचं काम मामांना द्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे.

"चार डास चावू द्या" याची किंमत काय असते तेही ऐका. जगात दरवर्षी मलेरियाने सुमारे ६ लाख माणसं मरतात, आणि त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. तिथली मुरलेली मोठी माणसं आपल्याला दिसतात, ती मुरता मुरता वाचलेली. न वाचलेली भावंडं कुणी मोजत नाही. बायकांच्या बाबतीत तर मुरलेलं रक्तही दगा देतं. पहिलटकरणीच्या वारेत (प्लॅसेंटात) फॅल्सिपेरम एक असं कार्ड लावून चिकटतो जे त्या बाईच्या शरीराने आधी पाहिलेलंच नसतं.

डास न चावता टी पेशींना शिकवायचा मार्ग म्हणजे लस. आरटीएस,एस या पहिल्या लसीच्या नावातलं "टी" हे अक्षर टी पेशींसाठीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती २०२१ मध्ये आणि दुसरी, आर२१, २०२३ मध्ये सुचवली. आर२१ आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, हे वाचून "मग पुण्याहून मागवू का" असं विचारणारे फोन मला येतात. या लसी फॅल्सिपेरमवरच्या आहेत आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान बाळांसाठी दिल्या जातात. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात त्या नाहीत. तुमच्या मुलाच्या व्हायवॅक्सला त्यांचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो तुमच्या पाण्याच्या हौदाकडे बघण्याचा. उजनी भरलेली असो नसो, आपल्या शहरात नळाला वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी. त्यामुळे प्रत्येक घरात हौद, बॅरल, गच्चीवर टाकी, आणि शहरातला मलेरियाचा डास नेमका अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. गटाराला शिव्या घालून तो जात नाही. अंड्यापासून डास उडायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासून सुकवायचं. नुसतं ओतून चालत नाही, डेंगीच्या डासाची कडेला चिकटलेली अंडी घासूनच निघतात. हौद रिकामा करणं जिवावर येत असेल तर महापालिकेच्या मलेरिया विभागात अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांची चौकशी करा, आणि अबेट (अळ्या मारायचं औषध) टाकायला येणाऱ्या मुलांना दारातून परत पाठवू नका.

आज संध्याकाळी बॅटरी घेऊन मामांना आणि नातवाला हौदापाशी न्या. झाकण काढून थोडा वेळ पाणी हलवू नका, मग उजेड तिरका टाका. अळी डोकं खाली करून लटकलेली दिसली तर ती दुसऱ्या डासांची, त्यात डेंगीचाही आला. पाण्याच्या पृष्ठभागाला लागून, काडी तरंगावी तशी आडवी पडलेली दिसली तर ती मलेरियाच्या डासाची. सापडली तर मला कळवा, आणि हौद उपसायला मिस्टर सुट्टीवर येईपर्यंत थांबू नका.